दुखणं थांबलं म्हणजे खेळायला तयार? प्रशिक्षकांनो, मधल्या काळात काय करून घेता?

मधली_फळी

मी १४ ते १६ वयाच्या मुलींना फुटबॉल शिकवते. इथले प्रशिक्षक, फिजिओ आणि दुखापतीतून गेलेले खेळाडू, सगळ्यांशी एका गोष्टीवर बोलायचं आहे.

मुलगी पडते, घोटा किंवा गुडघा धरून बाहेर येते. डॉक्टर होतात, फिजिओ होतात, आणि काही आठवड्यांनी ती बूट घालून समोर उभी राहते. "मॅडम, आता अजिबात दुखत नाही. शनिवारी खेळू ना?" हातात चिठ्ठी असते, 'खेळायला हरकत नाही'. त्या चिठ्ठीपासून पहिल्या पूर्ण सामन्यापर्यंतचा काळ नक्की कोणाच्या ताब्यात असतो? डॉक्टरांचं काम झालेलं असतं. फिजिओंकडे ती पायऱ्या चढून, एका पायावर उभी राहून, फार तर सरळ रेषेत हलकं पळून आलेली असते. मैदानावर तिला अचानक थांबायचंय, वळायचंय, धक्का सोसायचाय, आणि तेही दमलेली असताना. दुखापतीनंतर यातलं तिने एकदाही केलेलं नसतं.

माझं मत स्पष्ट सांगते. तो काळ प्रशिक्षकाचा आहे आणि आपण तो टाळतो. एकतर तिला थेट सामन्यात उतरवतो, नाहीतर 'अजून आठवडाभर बस' म्हणून बाकावर बसवतो. बसून पाय तयार होत नाही. तुम्ही या काळात नेमकं काय करून घेता? आणि ती तयार झाली हे कशावरून ठरवता?

रेघोटी

बाकावर बसवलेली मुलगीच सगळ्यात जास्त पळते. बाटल्या भरणं, गेलेले चेंडू आणणं, मॅडमची शिट्टी शोधणं... :)

विषय फार महत्त्वाचा. वाचतोय.

सांधेजोड

मी फिजिओ आहे. मधली_फळी, तुमच्या निदानाशी शंभर टक्के सहमत.

वेदना सगळ्यात आधी जाते. ताकद, तोल आणि न बघता सांध्याची स्थिती कळणं, हे मागाहून आणि सावकाश परततं. तेही कामाला लावल्याशिवाय परतत नाही. म्हणून घोटा पुन्हा मुरगळेल का हे सांगणाऱ्या गोष्टींमध्ये 'आधी मुरगळला होता का' ही सगळ्यात वरची. पहिली मुरगळ नशिबाने होते असं एकवेळ म्हणू. दुसरी बहुतेकदा अर्धवट सोडलेल्या व्यायामामुळे होते.

घोट्यासाठी मी मैदानावर साधारण या क्रमाने जाते: दुखऱ्या पायावर डोळे मिटून तोल, मग त्याच पायावर उड्या (पुढे, बाजूला, तिरक्या), मग सरळ पळणं, मग वळणं घेत पळणं, मग चेंडूसह पण समोर कोणी नसताना, मग समोर खेळाडू असताना, आणि सगळ्यात शेवटी पूर्ण सराव. प्रत्येक टप्प्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळचा घोटा बघायचा. सूज आली किंवा पहिली पावलं लंगडत पडली, तर एक टप्पा खाली.

वेदनेसाठी ० ते १० असे गुण देते. व्यायामात २ पर्यंत बिनधास्त, ५ पर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ती मूळ पातळीवर आली पाहिजे. हे गणित कुरकुरणाऱ्या टेंडनसाठी (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) उत्तम चालतं. हाडाच्या दुखण्याला मात्र लावू नका. हाड दुखत असेल तर थांबायचं.

उंचउडी

मी ॲथलेटिक्सचा जुना प्रशिक्षक. तुम्ही सगळे दुखापतीनंतरचं बोलताय, मी आधीचं बोलतो. हल्ली पोरं ताण देत नाहीत. आमच्या वेळी पळण्याआधी प्रत्येक स्नायू चांगला मिनिट-दोन मिनिटं ताणून धरायचो. स्नायू लवचिक असेल तर फाटणार कसा? निम्म्या दुखापतींचं मूळ इथेच आहे असं माझं ठाम मत आहे.

सांधेजोड

उंचउडी सर, आदर राखून असहमत. स्ट्रेचिंगने लवचिकता वाढते यात वाद नाही. तुमच्या उंच उडीला, जिम्नॅस्टिक्सला, अडथळा शर्यतीच्या धावपटूला ती हवीच. पण पळण्याआधी स्नायू मिनिटाहून जास्त ताणून धरला तर त्याची ताकद थोडा वेळ किंचित घटते, आणि दुखापती कमी झाल्याचं चाचण्यांत दिसत नाही. २०१४ साली दुखापती टाळण्यासाठीच्या वेगवेगळ्या व्यायामांच्या २५ चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला, त्यात सव्वीस हजारांहून जास्त लोक होते. स्ट्रेचिंगचा फायदा दिसला नाही. ताकदीच्या व्यायामाने दुखापती एक तृतीयांशाहूनही खाली आल्या.

लवचिक स्नायूही फाटतो, सर. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, बहुतेकदा पूर्ण वेगात पळताना जाते, पाय पुढे फेकला गेलाय आणि जमिनीला टेकायच्या बेतात आहे त्या क्षणी. तिथे स्नायू लांब होता होता ब्रेक लावत असतो. त्या अवस्थेत तो किती जोर सोसतो हा खरा प्रश्न आहे.

धाव_धाव

म्हणूनच नॉर्डिक हॅमस्ट्रिंग का? गुडघ्यांवर बसून, जोडीदाराने घोटे धरून, हळूहळू पुढे झुकायचं तो प्रकार? पहिल्यांदा केला तेव्हा दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसताना देव आठवले.

सांधेजोड

तोच. उपकरण लागत नाही, फक्त घोटे धरणारा जोडीदार प्रामाणिक हवा. डेन्मार्कमध्ये ५० फुटबॉल संघांवर मोठी चाचणी झाली, ती २०११ साली प्रसिद्ध झाली. दहा आठवड्यांच्या कार्यक्रमानंतर हॅमस्ट्रिंगच्या दुखापती ठळकपणे कमी झाल्या, आणि ज्यांना आधी एकदा झाली होती त्यांच्यात तर फारच. सुरुवात थोड्या आवर्तनांनी करा आणि सामन्याच्या आदल्या दिवशी अजिबात करू नका. खुर्चीवाला अनुभव सगळ्यांना येतो, दोन-तीन आठवड्यांत जातो.

उंचउडी

ठीक. आकडे समोर ठेवलेत त्यामुळे विचार करतो. आमच्याकडे ताण देताना गप्पाही व्हायच्या आणि कोणाचं काय दुखतंय ते मला तिथेच कळायचं. तो वेळ मी सोडणार नाही, तिथे काय करायचं ते बदलेन.

आडवा_चेंडू

सरांचा हा मुद्दा निसटू देऊ नका. सरावाआधीची ती पंधरा मिनिटं प्रशिक्षकाला सगळं सांगून जातात. कोण बूट बांधताना एका बाजूने वाकतो, कोण जिने उतरताना कठड्याला धरतो.

मी वेगवान गोलंदाजांबरोबर काम करतो. आमच्या खेळात वयात येणाऱ्या मुलांचा खरा शत्रू म्हणजे कमरेच्या मणक्याचा स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने हाडाला पडणारी चीर. एका धक्क्याने होत नाही, चेंडूमागून चेंडू साठत जातो. उजव्या हाताने टाकणाऱ्याला बहुतेकदा डावीकडे दुखतं. एकाच बाजूला दुखतंय आणि मागे वाकल्यावर वाढतंय, असं पोरगा म्हणाला की मी त्याच दिवशी गोलंदाजी बंद करतो आणि तपासणीला पाठवतो. साध्या एक्स-रेत हे सुरुवातीला दिसत नाही, एमआरआय लागतो. बुमराहसारखा गोलंदाज, हाताशी सगळ्या सोयी, तरी पाठीपायी २०२२ चा टी-ट्वेंटी विश्वचषक हुकला आणि पुनरागमन थेट ऑगस्ट २०२३ मध्ये झालं. चौदा वर्षांच्या मुलाचं हाड तर अजून पक्कं व्हायचं असतं.

आणि चेंडू मोजायला लागा. सामन्यातले सगळे मोजतात, नेट्समधले कोणीच मोजत नाही. शाळेचा संघ वेगळा, क्लबचा वेगळा, वयोगटाचा वेगळा. प्रत्येक प्रशिक्षक म्हणतो, 'मी तर फक्त सहा षटकं टाकून घेतली'. बेरीज कोणाच्याच वहीत नसते.

मुलीचा_बाबा

आडवा_चेंडू, अगदी आमच्या घरचं बोललात. मुलगी हँडबॉल खेळते. एका संघाचा सराव सकाळी, दुसऱ्याचा संध्याकाळी. दोन्ही प्रशिक्षक चांगले, पण एकमेकांशी कधी बोललेले नाहीत. गुडघ्याखाली टेंगूळ आलं, दाबलं की कळवळायची. एका प्रशिक्षकांनी सांगितलं, 'वाढीचं दुखणं आहे, दुर्लक्ष करा, निवड चाचणी जवळ आली आहे.' पालकाने अशा वेळी कोणाचं ऐकायचं?

सांधेजोड

वर्णनावरून ऑसगुड-श्लॅटर वाटतं, तरी प्रत्यक्ष तपासून घ्या. भराभर उंची वाढण्याच्या काळात मांडीचा मोठा स्नायू गुडघ्याखाली जिथे हाडाला जोडलेला असतो, तिथलं हाड अजून कोवळं असतं. उड्या आणि वेगाच्या पळण्याने तिथे सारखा हिसका बसतो. टाचेत असंच झालं की त्याला सिव्हर्स म्हणतात, ते थोड्या लहान वयात दिसतं. 'वाढीचं दुखणं' हे बरोबर, 'दुर्लक्ष करा' हे चूक. खेळ पूर्ण थांबवायची गरज सहसा नसते. उड्यांची संख्या कमी करायची, दोनपैकी एक सराव काही आठवडे सोडायचा आणि मांडीची ताकद हळूहळू वाढवत न्यायची.

प्रशिक्षकांना एक विनंती: दर तीन महिन्यांनी मुलांची उंची मोजून लिहून ठेवा. ज्याची उंची झपकन वाढलेली दिसेल त्याचा भार त्या काळात वाढवू नका.

अबोली_पाने

वाचनखूण साठवली. थोडं अवांतर: घोटा मुरगळल्यावर लगेच बर्फ की गरम शेक? घरात यावरून दोन तट आहेत.

धाव_धाव

बर्फ, विश्रांती, दाब, पाय उंच. शाळेत घोकून घेतलं होतं.

सांधेजोड

ते चार शब्दांचं सूत्र १९७८ साली गेब मर्किन या डॉक्टरांनी मांडलं. पुढे त्यांनी स्वतःच बर्फ आणि संपूर्ण विश्रांतीबद्दलचं मत बदललं. बर्फाने वेदना कमी होते, त्यासाठी थोडा वेळ, कापडात गुंडाळून जरूर लावा. जखम त्याने लवकर भरते असा भक्कम पुरावा नाही. पहिले दोन-तीन दिवस गरम शेक आणि जोरदार मालिश दोन्ही नको. मग दुखणं सोसवेल तसा पाय हलवायला आणि त्यावर भार द्यायला सुरुवात करायची. दोन्ही तटांना थोडं थोडं बरोबर म्हणा, घरात शांतता राहील.

त्याहून महत्त्वाचं: घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडाच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर बोटाने दाबल्यावर दुखत असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे. पायाच्या मधल्या भागात आतल्या बाजूच्या हाडावर किंवा करंगळीच्या बाजूच्या हाडाच्या बुडाशी दुखलं तरी एक्स-रे. हे नियम कॅनडात ओटावा इथे १९९२ साली तयार झाले आणि आजही जगभर वापरले जातात. प्रत्येक प्रशिक्षकाला पाठ हवेत.

डावखुरी

मी हँडबॉल खेळायचे. गुडघ्याचा एसीएल (सांधा आतून धरून ठेवणारा अस्थिबंध) तुटला. कोणी हात लावला नव्हता, उडी मारून उतरले, गुडघा आत वळला आणि आवाज आला. शस्त्रक्रिया झाली, व्यायाम केले. सहाव्या महिन्यात संघाला माझी गरज होती, मलाही खेळायचं होतं, प्रशिक्षक म्हणाले, 'पळतेयस तर छान.' कोणी काही मोजलं नाही. दुसऱ्या गुडघ्याचाही एसीएल गेला.

त्यानंतर मी मिळेल ते वाचलं. नऊ महिन्यांआधी परतणाऱ्यांमध्ये पुन्हा दुखापतीचं प्रमाण खूप जास्त असतं. २०१६ च्या एका नॉर्वेजियन अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत पुढे ढकललेल्या प्रत्येक महिन्यामागे धोका जवळपास निम्म्याने उतरत गेलेला दिसला. पंचवीस वर्षांखालच्या, खेळात परतलेल्या मुलामुलींपैकी दर चार-पाच जणांमागे एकाला पुन्हा एसीएलची दुखापत होते, कधी त्याच गुडघ्याला, कधी दुसऱ्या. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी तीन महिने हसत थांबले असते.

मधली_फळी, तुमच्या मुलींच्या वयात हा धोका मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यांना उडीवरून उतरायला शिकवा. गुडघे वाकवून, पायांच्या रेषेत ठेवून, मऊ. गोल मारायला शिकवता तितक्याच वेळा.

मधली_फळी

डावखुरी, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या मुलींना ही पोस्ट वाचून दाखवणार आहे, तुमची परवानगी असेल तर.

डावखुरी

जरूर. त्यासाठीच लिहिलं. आणखी एक, कारण सहसा कोणी बोलत नाही. आमच्या संघात एकीची पाळी कित्येक महिने बंद होती आणि सगळे समजत होते की सराव जोरात चाललाय म्हणून. पुढे नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर निघाला. सरावाच्या मानाने खाणं अपुरं पडलं की शरीर सगळीकडून काटकसर करतं, हाडांतूनही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून याला रेड-एस असं नाव दिलंय. मुलग्यांनाही होतं, फक्त पाळीसारखी उघड खूण त्यांच्यात नसते. प्रशिक्षक पुरुष असेल तर मुलींना मोकळेपणाने सांगता येईल अशी एक बाई संघाबरोबर असलीच पाहिजे.

आडवा_चेंडू

+१. फार मोलाचा प्रतिसाद.

घाईने परतण्यावरून ब्राझीलचा रोनाल्डो आठवला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर १२ एप्रिल २००० ला इंटर मिलानकडून बदली म्हणून उतरला आणि काही मिनिटांत गुडघ्याचा टेंडन पूर्ण तुटला. जवळच्या बचावपटूचा धक्काही लागला नव्हता.

धाव_धाव

ते घाईचं उदाहरण आहे का पण? जवळपास पाच महिने बाहेर होता आणि जगातले उत्तम डॉक्टर हाताशी होते. काही गुडघे सगळं नीट करूनही दगा देतात. प्रत्येक दुखापतीमागे कोणीतरी दोषी असतोच असं धरलं तर प्रशिक्षक घाबरून कोणालाच खेळवणार नाहीत. आणि हाच रोनाल्डो २००२ च्या विश्वचषकात आठ गोल करून गेला.

आडवा_चेंडू

मान्य. दोष शोधायचा नाहीच. मला इतकंच म्हणायचंय की दिनदर्शिका बघून उत्तर मिळत नाही. पाच महिने एकाला पुरतील, दुसऱ्याला नाही.

रेघोटी

डोक्याला मार लागला तर? आमच्याकडे तोंडावर पाणी मारून 'किती बोटं?' विचारतात. बरोबर सांगितलं की मैदानात परत. आमचा गोलकीपर तर दोन बोटं हे उत्तर आधीच पाठ करून ठेवतो.

सांधेजोड

बोटं मोजणं आजपासून बंद करा. शंका आली तरी बाहेर, आणि त्या दिवशी परत नाही. बेशुद्ध पडलाच पाहिजे असं नाही. गोंधळलेला चेहरा, डोकेदुखी, मळमळ, तोल जाणं, नजर हरवल्यासारखी, यातलं एकही पुरेसं. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, मान दुखणं, झोपाळूपणा वाढत जाणं, हे दिसलं तर थेट इस्पितळ.

लक्षणं उशिराही येतात. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथला आर्चरचा चेंडू मानेला लागला. तपासणीत पास झाला, परत फलंदाजीलाही आला, आणि दुसऱ्या सकाळी लक्षणं दिसली. त्याच्या जागी आलेला लाबुशेन हा कसोटीतला पहिला कन्कशन (डोक्याच्या माराने मेंदूला बसलेला हादरा) बदली खेळाडू. पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, हलकं चालणं चालेल, मग टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास. धडक बसण्याची शक्यता असलेल्या सरावाआधी डॉक्टरांची परवानगी लागतेच. मुलांमध्ये आधी शाळा नीट जमली पाहिजे, खेळ त्यानंतर.

रेघोटी

समजलं. गोलकीपरलाही सांगतो, संघालाही. खरंच धन्यवाद.

मुलीचा_बाबा

धागा वाचून दोन्ही प्रशिक्षकांना एका ग्रुपमध्ये घेतलं. आठवड्याचे सराव आता तिथे ठरतात. टेंगूळ आहे, पण कळवळणं कमी झालंय. निवड चाचणी होऊन गेली, तिने दिली नाही. दोन दिवस रडली, मग अभ्यासाला लागली. झोपेबद्दल मात्र कोणीच बोललं नाही इथे?

सांधेजोड

बरं झालं काढलंत. शाळकरी खेळाडूंच्या २०१४ च्या एका अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याचं प्रमाण १.७ पट होतं. पहाटेचा सराव ठेवणाऱ्या प्रशिक्षकांनी मुलं रात्री किती वाजता झोपतात ते एकदा विचारावं.

मधली_फळी

सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवले. आता मूळ प्रश्नाकडे येते.

दुखापती टाळण्यासाठी 'फिफा ११+' हा वॉर्म-अप आठवड्यातून किमान दोनदा, मनापासून. वीस मिनिटं लागतात: आठ मिनिटं पळणं, दहा मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, दोन मिनिटं वेगाचं पळणं. नॉर्डिक त्यातच आहे, उतरण्याचं तंत्रही. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या जवळपास १९०० मुलींवर याची चाचणी झाली तेव्हा एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्या होत्या. अगदी माझ्याच मुली म्हणायच्या.

परतणाऱ्या मुलीसाठी सांधेजोड ताईंचे टप्पे. शिवाय प्रत्येक सरावानंतर तिला विचारणार, '० ते १० मध्ये किती कठीण गेलं?' आणि त्याला मिनिटांनी गुणणार. साठ मिनिटं, कठीणपणा सात, म्हणजे ४२०. आठवड्याची बेरीज अचानक उसळली तर पुढचा आठवडा हलका. ही बेरीज शाळेच्या संघाच्या सरांनाही पाठवणार, आडवा_चेंडू म्हणतात तसं.

अडतंय ते इथे: पहिला सामना किती मिनिटांचा? आणि उड्या 'चांगल्या' झाल्या हे नुसत्या डोळ्यांनी ठरवू का?

सांधेजोड

मिनिटांचा ठरलेला आकडा नाही. मी अट अशी ठेवते: सामन्याआधी निदान काही पूर्ण सराव, धडकांसकट, आणि दुसऱ्या सकाळी काही तक्रार नाही. शिवाय पूर्ण वेगाने पळणं सरावात झालेलं हवं. हॅमस्ट्रिंगवाल्या मुलीला दुखापतीनंतरची पहिली पूर्ण वेगाची धाव सामन्यात घ्यायला लावू नका. मग शेवटची वीस-पंचवीस मिनिटं बदली म्हणून, पण आधी नीट वॉर्म-अप करून. बाकावर गारठलेली मुलगी थेट उतरवू नका.

उड्या मोजाच. टेपने रेघ आखा. एका पायावर उभं राहून सलग तीन उड्या, शेवटच्या उडीत त्याच पायावर थांबायचं. डगमगली, दुसरा पाय टेकला, तर ती उडी धरायची नाही. दोन्ही पायांचं अंतर लिहा. दुखरा पाय चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत यायला हवा. एसीएलवाल्या मुलीसाठी मात्र हे पुरेसं नाही. ती उडी कंबर आणि घोट्याच्या जोरावर मारून नेते, मांडी अजून कच्ची असते. तिची मांडीची ताकद यंत्रावर मोजून घ्या.

उंचउडी

अंतराबरोबर उतरतानाचा व्हिडिओही काढा, समोरून आणि बाजूने. मोबाईल जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीवर ठेवा, वरून काढला तर गुडघा आत वळलेला कळत नाही. आणि चांगल्या पायाच्या उड्या आजच, सगळे धडधाकट असताना मोजून ठेवा, संपूर्ण संघाच्या. जखमी झाल्यावर महिनाभर बसलेल्या मुलीचा चांगला पायही मंदावलेला असतो, मग नव्वद टक्के कशाचे काढणार?

मधली_फळी

सर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मंगळवारी टेप घेऊन जाते, सगळ्या संघाची मापं घेऊन ठेवते.